टेंभुरणीखालचे जोडे

महाल, नागपूर
२ ऑगस्ट १९५५

तीर्थरूप देवाजीभाऊंच्या चरणी गुणवंताचा नमस्कार.

पुष्कळ दिवसांत पत्र नाही, याचा राग धरू नये. कचेरीतून मान वर काढायला सवड मिळत नाही. तरी एक चांगली गोष्ट कळवायची आहे. आम्ही काही सुशिक्षित मंडळींनी मिळून येथे ‘वनश्री पदभ्रमण मंडळ’ काढले आहे. डोंगर, दऱ्या, धबधबे पायी हिंडून पाहायचे, मोजायचे, त्यांची टिपणे ठेवायची, असा उद्देश. एक भूगोलाचे प्राध्यापक आमचे अध्यक्ष आहेत. मागील साली पचमढीचे सारे धबधबे पाहून आलो.

आता आपल्याकडील जंगलाचे राष्ट्रीय उद्यान झाले, हे तुमच्या कानी आलेच असेल. तेव्हा अध्यक्षांना मी सहज म्हणालो की, आमच्या कोसमटोल्याच्या डोंगरात धारमाय नावाचा मोठा धबधबा आहे आणि आजवर तिथे कोणी गेलेले नाही. ते एकदम उत्सुक झाले. मला स्वतःला त्या जागेचे काहीच आठवत नाही. चौथ्या वर्षी गाव सुटले. म्हणून वाट दाखवायला तुम्ही हवेत. उंची दोरीने मोजू, छायाचित्रे घेऊ, नकाशा काढू. तुमच्या खेड्याचे नाव छापून येईल. जेवणाची चिंता करू नये, स्टोव्ह आम्ही आणतो.

सौ. कमळाचा नमस्कार.

आपला,
गुणवंत


मु. कोसमटोला, चिमूरवरून, जि. चांदा
१४ ऑगस्ट १९५५

चि. गुणवंतास आशीर्वाद.

पत्र शनिवारच्या बाजारात मिळालं. दोनदा वाचलं. आजवर धारमायला कोणी गेलेलं नाही, असं तू लिहिलंस. दरसाली नव्याच्या दिवशी या गावच्या तेवीस घरांतून तेवीस माणसं तिथं जातात. ती तुझ्या मंडळाच्या हिशेबी कोणी नसावीत.

पायी चालण्याची तुमच्याकडे आता सभा भरते, हे वाचून करमणूक झाली. आमची सुकरी म्हातारी टोपली डोक्यावर घेऊन महिन्यातून चारदा चौदा मैल चालते. तिला अजून कोणी सभासद केलेलं नाही. तिनं टिपणंही ठेवलेली नाहीत.

तू घरचा आहेस आणि पाहुणे घेऊन येतो म्हणतोस, तेव्हा येऊ नको असं मी म्हणणार नाही. पण तुला जे आठवत नाही ते सांगून ठेवतो. डोंगराच्या पायथ्याशी टेंभुरणीचं जुनं झाड आहे. तिथं सगळ्यांनी जोडे काढायचे. पुढचा अर्धा मैल अनवाणी. वर तिच्या दिव्याखेरीज विस्तव नाही, कुऱ्हाड नाही, मोठ्यानं बोलणं नाही. नव्याला, म्हणजे नवं धान आलं की, प्रत्येक घरचा एक माणूस मूठभर नवे तांदूळ घेऊन वर जातो. ती मूठ तिथं ठेवल्याशिवाय त्या घरात कोणी नवा भात खात नाही. आपल्या घरची मूठ मी नेतो. तुझी वहिनी गेल्यापासून आणि पोरी सासरी गेल्यापासून घरात दुसरं माणूसच नाही. आजोबांच्या वेळेपासून ती एकदाही चुकलेली नाही.

आणखी एक. तिच्या नावानं जो खोटी आण घेईल, त्याला तीन नवे होईपर्यंत वर जाता येत नाही. त्यानं टेंभुरणीखाली बसून इतरांचे जोडे राखायचे. आमच्यातल्या लच्छूनं दुसऱ्याचं वासरू आपलं म्हणून तिची आण घेतली होती. तीन वर्षं तो जोड्यांजवळ बसला. त्याच्यापुढं वहाणा काढताना मी त्याच्या तोंडाकडे पाहत नसे. असल्या माणसाकडे काय पाहायचं?

हे सगळं तुझ्या प्राध्यापकांना नीट समजावून सांग.

देवाजी


महाल, नागपूर
२४ ऑगस्ट १९५५

ती. भाऊंना नमस्कार.

तुमचे पत्र मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवले. सर्वांना फार मौज वाटली. अध्यक्ष म्हणाले, असे समज जागोजागी असतात, त्यांचीही नोंद घेतली पाहिजे. मात्र जोडे काढण्याचे जमणार नाही. काटे आहेत, जळवा आहेत, आणि सभासदांना डोंगर अनवाणी चढण्याची सवय नाही. विस्तवाचेही तसेच. वर पोहोचल्यावर चहा लागेल. बारा जणांचा बेत आहे, देवी एवढे समजून घेईल.

रविवार, ११ सप्टेंबर हा दिवस ठरला. शनिवारी चिमूरपर्यंत मोटारीने येतो. दोन बैलगाड्या पाठवाव्यात.

आपला,
गुणवंत


कोसमटोला
१५ सप्टेंबर १९५५

चि. सौ. वच्छलास वरोऱ्याला आशीर्वाद.

बाई, तुझा चुलत भाऊ गुण्या येऊन गेला. सोबत अकरा जण. सगळ्यांच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. डोक्यावर टोप, गळ्यात पाण्याच्या बाटल्या. एकाजवळ दिशा दाखवणारी डबी होती आणि तो ती दर शंभर पावलांवर उघडून पाहत होता. ऊन कुठून येतं हे पाहिलं असतं तरी चाललं असतं.

मी त्यांना बूट काढायला लावणार नव्हतो. भांडण करणं माझ्यानं होत नाही. पण बूट घालून तिच्यापुढं उभं करणारही नव्हतो. तेव्हा मी त्यांना म्हसझऱ्यावर नेलं. तुला ठाऊक आहे, गावामागं पाव कोसावर, जिथं आपल्या म्हशी धुतात. पण तिथं सरळ नेलं असतं तर त्यांना मोल वाटलं नसतं. म्हणून नाल्यानाल्यानं, टेकडीला वळसा घालून साडेतीन तास चालवलं. त्यांच्या सामानाची पेटी जंगूच्या डोक्यावर होती. जंगू वर धारमायची पूजा करणारा, आणि त्याच्या डोक्यावर यांचा स्टोव्ह. अर्ध्या वाटेत तो जवळ येऊन म्हणाला, “भाऊ, हा रस्ता तं म्हसझऱ्याचा व्हय.”

मी म्हटलं, “मले मालूम हाय. चूप चाल.”

“पण काऊन?”

“बूट पाह्य त्याइचे.”

त्यानं पाहिले आणि पेटी सावरून पुढं झाला.

म्हसझऱ्यापाशी पोचताना गावातला कोंबडा आरवला. प्राध्यापकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाले, “ऐका, रानकोंबडा.” सगळ्यांनी टोप काढून ऐकलं. सुकरीचा कोंबडा होता तो. मग त्यांनी झरा पाहिला. दोन पुरुष उंचीचं पाणी. पावसाचे दिवस म्हणून जरा जोरात पडत होतं, एवढंच. म्हशींनी अंग घासून एक खडक गुळगुळीत केलेला आहे. त्याच्यावर हात फिरवून प्राध्यापकांनी सांगितलं की, पाण्यानं अशी झीज व्हायला हजारो वर्षं लागतात. एकानं आईसाठी तीर्थ म्हणून बाटली भरून घेतली. मी पाहत राहिलो. अशा माणसांना शिकवायला सरकार पगार देतं.

नंतर प्राध्यापकांना काय वाटलं कोण जाणे. मला म्हणाले, “धारमाय ती हीच ना? याच्याहून मोठा धबधबा वर नाही ना?” सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हटलं, “धारमायची आण, हीच धारमाय.” त्यांच्या वहीत सहीही केली. माझं अक्षर पाहून ते म्हणाले, “खेड्यात एवढं वळणदार अक्षर?” चौथीपर्यंतच्या शाळेत आम्हाला बोरूनं लिहायला लावत, हे मी त्यांना सांगितलं नाही.

गुण्या सबंध वेळ बाजूला उभा होता. तोंडातून शब्द नाही. पोट सुटलंय त्याचं, धाप लागली असेल. मी सही केल्यावर त्यानं खाली बसून बूट काढले आणि हातात घेऊन उभा राहिला. नवे होते, चावले असतील.

चार दिवस झाले, मला राहून राहून हसू येतं. तुलाही येईल म्हणून लिहिलं.

तुझा भाऊ,
देवाजी


वरोरा
२७ सप्टेंबर १९५५

देवाजीभाऊले वच्छलाचा नमस्कार.

मी सांगून राह्यली अन् शेजारची खैरुन लिहून राह्यली. ती सातवी शिकली हाय. शब्द माहे हायेत, तिले दोष देऊ नको.

कोंबड्याचं वाचून आमी दोघी लय हासलो. पण भाऊ, आणेच्या जाग्यावर खैरुन वाचता वाचता थांबली. मले म्हणे, मावशी, खरंच असं लिवलं हाय. त्याइले म्हसझऱ्यावर नेलं ते ठीक केलं. त्याइचे बूट धारमायपाशी गेले नाई, मले बी बरं वाटलं. पण तिचं नाव काऊन घेतलं तू? ते बी अधिक महिन्यात, ओंजळीत पाणी घेऊन? दुसरं काई बोलता आलं असतं. पुढं रस्ता नाई म्हणता आलं असतं.

लच्छू वासरासाठी खोटं बोलला तं तू त्याच्या तोंडाकडं पाहत नव्हता. आता नवा येऊन राह्यला. तू वर जाशील का झाडाखाली बसशील, ते मले कळव.

अन् गुण्या चूप काऊन राह्यला? तो लहानपणी चूप राहणारा नव्हता.

वच्छला


महाल, नागपूर
१८ नोव्हेंबर १९५५

ती. भाऊंना नमस्कार.

सोबत साप्ताहिकाचा अंक पाठवला आहे. ‘अज्ञात धारमायच्या दर्शनास’ हा लेख मी लिहिलेला आहे. रौप्यधारांचा कल्लोळ, साठ फुटांवरून कोसळणारे जल, अरण्याचे गूढ मौन वगैरे मजकूर अध्यक्षांच्या सांगण्यावरून घातला. दोरी ओली होऊन ताणली गेल्याने उंचीत थोडा फरक असू शकेल. खाली नकाशा आहे. ‘गावचे जाणते वृद्ध देवाजी यांनी देवीची आण घेऊन व लेखी सही देऊन या स्थानाची खात्री पटवली’, असा तुमचा उल्लेख केला आहे.

लेख सर्वांना आवडला आणि मला मंडळाचा चिटणीस नेमण्यात आले.

लेखात काही चूक आढळल्यास अवश्य कळवावे. तुम्ही सांगाल तशी दुरुस्ती पुढील अंकात छापून आणीन. संकोच करू नये.

आपला,
गुणवंत


कोसमटोला
३ डिसेंबर १९५५

चि. गुणवंतास आशीर्वाद.

लेख वाचला. मी वृद्ध नाही, एकोणपन्नास वर्षांचा आहे. बाकी चूक काही नाही.

देवाजी


कोसमटोला
१९ फेब्रुवारी १९५६

चि. गुणवंतास अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला मला आठ दिवस लागले. वाचून झाल्यावर फाडू नकोस, ते तुला लागेल.

उद्यानाची हद्द आखणं चाललं आहे. कोणत्या गावचा आत कसला हक्क, याची चौकशी करायला वनखात्याचे साहेब आले होते. आमचं म्हणणं एवढंच होतं की, वर्षातून एक दिवस आम्हाला धारमायला जाऊ द्या. बाकी लाकूड, चराई यांचं जे व्हायचं ते होईल. गावानं बोलायला मला पुढं केलं, कारण मला लिहितावाचता येतं आणि कारण आजवर माझा शब्द कोणी खोटा धरलेला नाही.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग फायलीतून तुझा लेख काढला. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, “तुमची देवी तर हद्दीच्या बाहेर आहे. खुशाल जा, तुम्हाला परवानगीची गरजच नाही. वरची दरी मात्र आता बंद राहील.” मी म्हटलं, “साहेब, देवी वरच्या दरीत हाय. हे ठिकाण दुसरं हाय.” त्यांनी लेखातलं वाक्य मोठ्यानं वाचलं. आण घेऊन व लेखी सही देऊन. मग विचारलं, “हे देवाजी म्हणजे तुम्हीच ना?”

मी हो म्हटलं.

“मग रेघ आखल्यावर देवी आत सरकली का?”

गुणवंता, साहेब रागावले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लच्छूपुढं मी तोंड चुकवून वहाणांकडे पाहत असे, तसं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि एका लबाड खेडुताकडे पाहावं तसं पाहिलं. त्यांचं काही चुकलं नाही. तेवीस घरांची माणसं माझ्या मागं बसली होती.

आता तुला सांगतो. मी तुम्हाला धारमायला नेलंच नव्हतं. तुम्ही पाहिलात तो म्हसझरा. तिथं म्हशी धुतात. तो रानकोंबडा गावातला होता. तुम्ही बूट काढणार नाही म्हणालात, त्याचा मला राग आला. पण रागानं नाही केलं. खरं सांगायचं तर तुमची कीव करत केलं, मजा वाटून केलं. तुम्हा लोकांना मी माणसांत धरत नव्हतो, म्हणून तुमच्यापुढं तिच्या नावानं खोटं बोलायला मला काही वाटलं नाही. वच्छलानं तेव्हाच लिहिलं होतं. तिला मी उत्तर पाठवलं नाही. नव्याला मूठ घेऊन वर गेलो. गावात फक्त जंगूला ठाऊक होतं आणि तो काही बोलला नाही.

साहेबांनी पावसाळ्यापर्यंत मुदत दिली आहे. म्हणाले, ज्यानं सही केली आणि ज्यानं लिहिलं, त्या दोघांनीही लिहून दिलं पाहिजे की ही जागा खोटी आहे. माझं मी लिहून दिलं. एकट्याचं चालत नाही. लबाडानं शब्द बदलला एवढाच त्याचा अर्थ होतो. तुझं लागेल.

मला कळतं मी काय मागतो आहे. तुला तुझ्या मंडळापुढं लिहून द्यावं लागेल की, साठ फुटांचा धबधबा म्हणून तू म्हशींचं डबकं छापलंस. तू नाही म्हणालास तर मी तुला दोष देणार नाही. पण वरची दरी बंद होईल, आणि ती मी बंद केली असं होईल.

देवाजी


महाल, नागपूर
९ मार्च १९५६

देवाजीभाऊ,

सोबत माझा सहीचा कागद आहे. एक प्रत साहेबांकडे परस्पर रवाना केली. दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, चालेल.

भाऊ, म्हसझरा मी त्याच दिवशी ओळखला होता. म्हणजे म्हसझरा म्हणून नाही, धारमाय नाही म्हणून. निघताना मला खरंच काही आठवत नव्हतं. पण पाण्यासमोर उभा राहिलो आणि वाटलं, इथं वारा का नाही? मग आठवलं. माझं जावळ काढायला आईनं मला वर नेलं होतं. धारेमागून गार वारा यायचा आणि दिवा विझायचा. आईनं तीनदा लावला, तीनदा विझला. मी रडलो तेव्हा तिनं पदराखाली घेतलं. तिथं आवाज एवढा होता की, माझं रडणं मलाच ऐकू येत नव्हतं. म्हसझऱ्यावर प्राध्यापक हळू बोलत होते तेही ऐकू येत होतं. आणि शेणाचा वास येत होता.

मी बोलणारच होतो. तेवढ्यात तुम्ही ओंजळीत पाणी घेतलंत. अकरा परक्या माणसांपुढं मी माझ्या थोरल्या भावाला खोटा कसा पाडू? तुम्ही तिचं नाव घेतलंत, म्हणून मी बूट काढले. जागा खोटी होती, नाव खोटं नव्हतं.

परत आल्यावर सगळ्यांनी लेख लिही म्हणून मागं लागून लिहून घेतला. तुम्ही ठेवलेला शब्द मी तसाच पुढं ठेवला. म्हटलं, यांना खरी जागा नको असेल दाखवायची, तर नकाशात ती दुसरीकडेच असलेली बरी. दुरुस्ती कळवा असं लिहिलं होतं. तुमचं कार्ड आलं, चूक काही नाही. मग मीही गप्प बसलो. त्या नकाशाचा असा उपयोग होईल हे मला सुचलं नाही. तेवढी अक्कल मला नाही, हे तुम्ही नेहमी म्हणताच.

ते का म्हणता हेही मला ठाऊक आहे. मी पँट घालू लागलो तेव्हापासून तुम्ही मला मोजत नाही. मी जोड्यांच्या रिवाजाला हसलो, बैठकीत तुमचं पत्र वाचून दाखवलं, ते मी विसरलो नाही. म्हणून तुमचं काही फार चुकलं असं मला वाटत नाही.

मंडळात कागद वाचला. प्राध्यापक उठून गेले. ज्यांनी आईला तीर्थ दिलं होतं, ते माझ्याशी बोलत नाहीत. त्यांची आई ते पाणी पिऊन बरी झाली होती, म्हणून त्यांना जास्त राग आहे. चिटणीसपद मीच सोडलं.

साहेब काय म्हणतात ते कळवा. मला तेवढंच जाणून घ्यायचं आहे.

गुणवंत


कोसमटोला
२० सप्टेंबर १९५६

चि. गुणवंतास देवाजीचे आशीर्वाद.

तुझ्या पत्राला सहा महिने उत्तर नाही. निकाल हाती आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. हे खरं कारण नाही, पण तेवढं राहू दे.

परवा कागद आला. वर्षातून एक दिवस, नव्याचा. घरामागं एक माणूस, तेवीसच. नावांची यादी आधी द्यायची. दिव्याखेरीज विस्तव नाही, कुऱ्हाड नाही. जंगूनं ऐकून विचारलं, “मंग नवीन काय सांगितलं त्याइनं?” हद्द टेंभुरणीला लागून गेली आहे. झाड बाहेर राहिलं.

कागद वाचून झाल्यावर मी तिथंच सगळ्यांपुढं जंगूला विचारलं, माझं काय? तो म्हणाला, “तुमी कवा इचारता ते पाहून राह्यलो होतो, भाऊ. तीन नवे.” मागचा नवा मी वर गेलो होतो. तो धरायचा नाही, असंही म्हणाला. लच्छू जवळच बसला होता. हसला नाही. वाटेत मला गाठून म्हणाला, “दुपारी सावली सरकते, जोडे बी सरकवा लागते, नाई तं चामडं तडकते. कुत्र्यावर ध्यान ठेवजा.” मी पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्याचा एक दात पडलेला आहे. कधी पडला, मला ठाऊक नव्हतं.

आता आपल्या घरच्या मुठीचं. मी जाऊ शकत नाही आणि घरात दुसरा माणूस नाही, असं मी तुला एकदा लिहिलं होतं. चूक लिहिलं होतं. यादीत आपल्या घरापुढं तुझं नाव घातलं आहे. तुला विचारलं नाही. लवकर येणारं हलकं धान कापून झालं आहे, तांदूळ मी सडून ठेवतो. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी नवा आहे. रविवारी चिमूरला गाडी पाठवतो. एकटाच ये. डबी आणू नकोस, वाट जंगू दाखवील. दिवा आणायचा तर आण, पण तो विझेलच.

तुझा लेख मी काल पुन्हा वाचला. फार वाईट लिहिला आहेस. रौप्यधारांचा कल्लोळ म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही.

बूट मात्र ते कॅनव्हासचेच घालून ये. टेंभुरणीपर्यंत काटे आहेत. तिथं काढून दे माझ्याजवळ. पांढरे आहेत, मळू देणार नाही.

देवाजी